कुंडीतला पांडुरोग

गेल्या चैत्रात माझ्या गच्चीवरची मिरचीची आठही रोपे पिवळी पडली. पाडव्याला गुढी उभारताना नजर गेली तेव्हा ती वीतभर उंचीची होती. महिन्यापूर्वीही ती वीतभरच होती. शेंड्याची पाने बारीक, खालची फिकट, आणि एकूण झाडावर आजारी मुलाच्या चेहऱ्यावर येते तशी कळा.

ही रोपे नर्सरीतली असती तर मी उपटून दुसरी आणली असती. पण बी माझ्या आत्याचे होते. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात ती चाळीसेक वर्षे परसातल्या एका वाफ्यात ही मिरची लावत आली. लांब, सालीला सुरकुत्या असलेली, वाळली की गडद लाल होणारी. बाजारात कुणी तिला संकेश्वरी म्हणेल, घरात तिला नुसते ‘आपली मिरची’ म्हणत. आता परसात चुलतभावाचा ऊस आहे आणि आत्या लेकाकडे कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. तिने मला कापडाची पुरचुंडी दिली तेव्हा म्हणाली, “एवढंच उरलंय बघ. तुझ्याकडं गच्ची हाय, तू लाव.” अकरा बिया रुजल्या, आठ रोपे जगली.

रोपे पिवळी पडल्यावर मी चारचौघे करतात तेच केले. विचारत सुटले. नर्सरीवाला म्हणाला नत्र कमी आहे, युरिया द्या. शेजारच्या काकू म्हणाल्या आंबट ताक घाल. पुतण्याने एप्सम सॉल्टची पुडी आणून दिली. सोसायटीच्या माळ्याने कीड आहे असे सांगून फवारा मारला. दहा दिवसांत मी हे सगळे उपाय केले आणि शिवाय उन्हाळा म्हणून दोन वेळा पाणी. अकराव्या दिवशी दोन रोपे मेली.

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. शेतीचे मला काही कळत नाही. पण एकाच लक्षणाला चार माणसे चार कारणे देतात आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटते, हा प्रकार इतिहासाच्या विद्यार्थ्याला चांगला ओळखीचा असतो. म्हणून उरलेल्या सहा रोपांना हात न लावता मी आधी एक प्रश्न घेऊन बसले: पान पिवळे का पडते, हे माणसाने आजवर कसकसे समजून घेतले? त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडते आहे. त्याचा माझ्या मिरच्यांना उपयोग झाला की नाही, ते शेवटी सांगेन.

पांडुपत्रता

आपल्याकडचा सुस्पष्ट उल्लेख वराहमिहिराचा. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे झाडांना रोग होतो असे सांगून तो लक्षणे देतो, आणि त्यांतली पहिली दोन वाचून मी थबकले. पहिले पांडुपत्रता, म्हणजे पाने पिवळी पडणे. दुसरे कोवळ्या पालवीची अवृद्धी, म्हणजे वाढ खुंटणे. पुढे फांद्या वाळणे आणि रस पाझरणे येते. माझ्या गच्चीचे वर्णन पंधराशे वर्षांपूर्वी दोन शब्दांत करून ठेवले होते. उपायही तो देतो: आधी शस्त्राने रोगट भाग काढून टाकावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे.

यानंतर सुमारे चार-पाचशे वर्षांनी सुरपालाने वृक्षायुर्वेद या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती. सिकंदराबादच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने ती मिळवली आणि नलिनी साधले यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासह १९९६ साली प्रसिद्ध केली. सुरपाल माणसाच्या वैद्यकातले वात, पित्त, कफ झाडांना लावतो. पाने पिवळी पडणे आणि फळे गळणे ही त्याच्या मते पित्ताची लक्षणे. त्याचे कारण तो असे देतो की उन्हाळ्याच्या शेवटी कडू, आंबट, खारट, तीक्ष्ण द्रव्ये पाण्यावाटे झाडाला फार गेलेली असतात. ताक, मीठ आणि युरिया एका आठवड्यात घालणाऱ्या बाईला हे वाचताना काय वाटले असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ‘पांडु’ हा शब्द माणसाच्या रोगाचाही आहे. चरकसंहितेत पांडुरोगाच्या चिकित्सेचा वेगळा अध्याय आहे आणि त्यातले नवायस चूर्ण, मंडूर वटक हे लोहाचे योग आजही वैद्य देतात. म्हणजे फिकट पडलेल्या माणसाला लोह द्यावे हे ज्ञान आपल्याकडे होते आणि फिकट पडलेल्या पानाला त्याच रोगाचे नाव दिलेले होते. तरी वराहमिहिराच्या उपायात लोह नाही. नाव एका ओसरीवरून दुसरीवर गेले, औषध मात्र गेले नाही. ते जायला एकोणिसावे शतक आणि फ्रान्स उजाडावे लागले.

आणखी एक. वराहमिहिराने आणि सुरपालाने आंबा पाहिला, फणस पाहिला, मिरची पाहिली नाही. ती अमेरिका खंडाची. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपला कळली आणि पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत, त्यात तिची वाट दिसते. मराठीने तिला जुन्या मिऱ्याचे नाव किंचित बदलून दिले. उष्ण प्रदेशात ती खरे तर अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. मोकळी, निचऱ्याची जमीन तिला लागते. पाण्यात उभे राहणे तिला सोसत नाही. हे मला कुणी आधी सांगितले असते तर!

कुंडी हे उपकरण

झाड कुंडीत लावले की ते आजारी पडते, असे आपण म्हणतो. पण झाडाचा आजार समजला तोही कुंडीमुळेच. ही कथा ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या वैद्यापासून सुरू होते. त्याने एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले. कुंडीवर धूळ पडू नये म्हणून भोके पाडलेला लोखंडी पत्रा बसवला. पाच वर्षे पावसाचे किंवा ऊर्ध्वपातन केलेले पाणी तेवढे घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती फक्त दोनेक औंसांनी कमी झाली होती. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचे बनते. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला.

निष्कर्ष चुकीचा होता. झाडाचे बहुतेक वजन हवेतल्या कार्बन वायूतून येते, हे कळायला पुढे दीडशे वर्षे लागली. ज्या दोन औंसांना, म्हणजे जेमतेम साठ ग्रॅम मातीला, त्याने नगण्य मानले त्यांतच नत्र, पालाश, लोह, मॅग्नेशियम वगैरे होते. पण त्याची पद्धत बरोबर होती. रानातल्या झाडाला आपण काय दिले आणि त्याने स्वतः काय शोधून घेतले, हे कळत नाही. कुंडीत कळते, कारण तिथे देणारा एकटा माणूस असतो.

१६९९ साली लंडनच्या जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवला. पावसाचे पाणी, थेम्सचे पाणी, हाइड पार्कच्या नळाचे पाणी, त्याच पाण्यात बागेतली माती कालवून. पाणी जितके मातकट तितकी वाढ अधिक, असे त्याला आढळले. मग १८६० साली जर्मनीत युलिउस साक्सने माती पूर्णपणे काढूनच टाकली. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात मोजून विरघळवलेले क्षार, आणि वर रोप. आता एकेक क्षार वगळून पाहता येऊ लागले. लोह वगळले की नवी पाने पिवळट, नंतर पांढरी. लोहाचे थेंब घातले की काही दिवसांत हिरवी.

या पद्धतीचा नियम १९३९ साली कॅलिफोर्नियातल्या आर्नन आणि स्टाउट या दोघांनी नेमका मांडला. त्यांची झाडे टोमॅटोची होती, म्हणजे मिरचीच्या भावकीतली. एखादे द्रव्य झाडाला आवश्यक आहे असे कधी म्हणावे? त्याच्यावाचून झाडाचे जीवनचक्र पुरे होत नसेल, ती उणीव दुसऱ्या कशानेही नव्हे तर त्याच द्रव्याने भरून निघत असेल, आणि त्याचा झाडाच्या पोषणाशी थेट संबंध असेल, तर. साध्या भाषेत, एक गोष्ट काढा आणि पाहा, मग तीच एक गोष्ट परत द्या आणि पाहा. मी गच्चीवर नेमके याच्या उलट केले होते. दहा दिवसांत पाच गोष्टी दिल्या. रोपे सुधारली असती तरी कशाने सुधारली हे मला कळले नसते, आणि मेली तेव्हाही कशाने मेली हे कळले नाही.

लोहाची वाट

साक्सच्या आधी सतरा-अठरा वर्षे, १८४३च्या सुमारास, युजेन ग्री नव्हे तर युसेब ग्री (नावात गल्लत होते म्हणून मुद्दाम लिहिते) या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचा क्षार दिला होता. मुळांना दिला, पानांनाही लावला, आणि पाने हिरवी झाली. ही कल्पना तेव्हाच सुचण्यामागे एक संदर्भ होता. युरोपच्या वैद्यकात तरुण मुलींच्या फिकटपणाच्या आजाराला ‘क्लोरोसिस’ म्हणत. सतराव्या शतकापासून त्याला लोह देत आले होते आणि १८३०च्या दशकात ब्लो या फ्रेंच डॉक्टरच्या लोहाच्या गोळ्या गाजत होत्या. पानांच्या पिवळेपणालाही ‘क्लोरोसिस’ हेच नाव मिळाले. म्हणजे तिकडेही पांडुरोग माणसाचा आणि झाडाचा एकच. फरक इतकाच की तिकडे नावापाठोपाठ औषधही गेले.

लोहाचा गुण आला म्हणून हिरव्या रंगात लोहच असणार, असे पुष्कळ काळ वाटत होते. तसे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रिचर्ड विलश्टेटरने दाखवले की हरितद्रव्याच्या रेणूत मॅग्नेशियम असते. त्या कामासाठी त्याला १९१५चे नोबेल मिळाले. लोह हरितद्रव्य घडवायला लागते, पण त्याच्या आत नसते. गवंड्याची थापी भिंतीत नसते, तसे.

पण लोहाच्या कथेतला आपल्याशी संबंधित भाग द्राक्षांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. उपाय निघाला तो अमेरिकी रानवेलींच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम करण्याचा. कीड आटोक्यात आली, पण जिथे जमीन चुनखडीची होती तिथे ही कलमे पिवळी पडू लागली. जमिनीत लोह होते. चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नव्हते. १८८७ साली पिएर व्हियाला हा तज्ज्ञ चुनखडीत तगणारी रानवेल शोधायला अमेरिकेत गेला. टेक्सासच्या डेनिसन गावचे द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी त्याला वाट दाखवली आणि टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर हवी ती वेल सापडली. आज नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला ‘डॉगरीज’ खुंट सांगावा लागत नाही. खारवट पाण्यात आणि क्षारपड जमिनीत टिकतो म्हणून त्याने तो लावलेला असतो. तो खुंटही टेक्सासच्या रानवेलींतूनच निवडलेला आहे.

हे वाचून मी उठले आणि चहाचे पातेले पाहिले. तळाला पांढरा थर होता. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत वापरायला बोअरचे पाणी असते, आणि झाडांना तेच घालत होते. शेतातल्या मातीत चुना आणि जडपाणी पाऊस धुऊन नेतो. डब्यातल्या मातीत ते रोज थोडे साठते.

कोणते पान?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनला अन्न पिकवण्याची घाई झाली तेव्हा ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन केंद्रातल्या टी. वॉलेस यांनी १९४३ साली एक पुस्तक काढले. केवळ पाने पाहून कोणत्या द्रव्याची उणीव आहे ते ओळखण्याचे, रंगीत चित्रांसह. त्याच्या मागचे तत्त्व समजले की अर्धे निदान घरबसल्या होते.

नत्र झाडात फिरते असते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून आधी खालची पाने सारखी पिवळी होतात. मॅग्नेशियमही फिरते, पण त्याच्या उणिवेत जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोह एकदा पानात बसले की सहसा हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव शेंड्याच्या नव्या पानांत दिसते: शिरांची हिरवी जाळी आणि मधे पिवळा पडदा. तेव्हा ‘पाने पिवळी पडली’ हे वाक्य अपुरे आहे. कोणती पाने, आणि पानाचा कोणता भाग, हे सांगायला हवे. मी चौघांनाही फोनवर तेवढेच अपुरे वाक्य सांगितले होते. चौघांनी चार उत्तरे दिली यात त्यांचा काय दोष?

नीरेचे खोरे आणि रंगाचा डबा

तरीही एक कोडे राहत होते. माझ्या काही रोपांची खालची पाने पिवळी होती, काहींची शेंड्याची, आणि युरिया देऊनही फरक नव्हता. त्याच सुमारास आत्याचा फोन आला. मी साक्स, ग्री वगैरे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “डबा उचलून बघितलास काय?”

“कशाला?”

“जड लागला तर त्यात पाणी हाय. हलका लागला तर न्हाई. वरची माती बघून काय कळत न्हाई बाई.”

मी गच्चीवर जाऊन डबा उचलायला गेले. तो दगडासारखा जड होता. वरचा थर मात्र कोरडा, भेगाळलेला. तोच पाहून मी रोज दोनदा पाणी घालत होते.

या चुकीचाही इतिहास आहे आणि तो आपल्या अंगणातला आहे. १८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी मुलखात पाणी आले, ऊस आला, आणि पाणी मिळते म्हणून ते भरपूर दिले गेले. काही वर्षांतच सखल जमिनींत पाणी तुंबू लागले, वर क्षार फुटले, पिके पिवळी पडून खुरटली. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या सेवेत पुण्याकडे होते, तेव्हा पाणी मोजून आणि आळीपाळीने द्यावे म्हणून त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्याने नीरा खोऱ्यातल्या या खारावलेल्या जमिनींचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. पाणी कमी पडल्याने मरणारे पीक सर्वांना ओळखता येत होते. पाणी जास्त झाल्याने मरणारे पीकही तहानलेलेच दिसते, ही खरी अडचण होती. कृष्णा-पंचगंगेच्या काठचे शिरोळ-वाळव्याचे शेतकरी आज तेच भोगत आहेत.

अल्बर्ट हॉवर्ड हे नाव कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’मुळे आपल्याला माहीत असते. १९०५पासून बिहारमधल्या पुसा येथे आणि १९२४ ते १९३१ इंदूरला त्यांनी काम केले. त्यांचा आग्रह असा की झाडाचा रोग पाहायचा तर मुळे उकरून पाहा, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. तुंबलेल्या मातीत मुळांचा श्वास कोंडतो, आणि मग मातीत नत्र असो, लोह असो, ते उचलण्याची ताकदच राहत नाही. ताट भरलेले, पण हात बांधलेले. माझ्या युरियाचे तेच झाले होते.

डब्यात हे शेतापेक्षा लवकर होते. स्वयंपाकघरातला स्पंज भिजवून आडवा धरला तर थोड्या वेळाने ठिबकायचा थांबतो. तोच उभा केला की पुन्हा पाणी गळते. स्पंज तोच, पाणी तेच, उंची वाढली म्हणून खालचे पाणी सुटले. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक भिजका थर उरतोच. कुंडी जितकी उथळ आणि माती जितकी बारीक, तितका तो थर मुळांना जास्त बाधतो. तळाला खापऱ्या घातल्याने तो जात नाही, फक्त वर सरकतो. माझ्या डब्यांत नुसती काळी माती होती. शिवाय खालच्या मजल्यावर पाणी ठिबकते अशी तक्रार आल्यावर मी प्रत्येक डब्याखाली ताटली ठेवली होती. म्हणजे नीरेचे खोरे मी आठ प्रतींत तयार केले होते.

एक मेलेले रोप उपटून पाहिले. मुळे तपकिरी, लिबलिबीत, आणि गटाराचा वास.

न दिसणारा पाहुणा

सहांपैकी दोन रोपांची गोष्ट वेगळी होती. त्यांची पाने पिवळी तर होतीच, पण वर वळून होडीसारखी झालेली, जाडसर, बारीक, एकमेकांना चिकटल्यासारखी. शेतकरी याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. फुलकिड्यांनी आणि कोळ्यांनीही पाने वळतात. पण पान उलटताच पांढऱ्या माशा भुर्रकन उडाल्या, आणि ही माशी जो विषाणू पसरवते त्याने पाने वळतात, झाड खुजे राहते, फळ धरत नाही. त्यावर औषध नाही.

अशा रोगाची सर्वांत जुनी नोंद एका कवितेत असावी, असे २००३ साली काही संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिले. जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांची ती कविता इ. स. ७५२ची आहे आणि ‘मान्योशू’ या प्राचीन संग्रहात आहे. भर उन्हाळ्यात रानातले एक झाड पिवळे पडलेले पाहून सम्राज्ञीला हिमाची आठवण झाली. ते झाड माशीने पसरणाऱ्या विषाणूने पिवळे पडले असावे, असे संशोधकांचे म्हणणे. तिने पाहिले ते खरे होते. कारण कळायला अकराशे वर्षे जायची होती.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन येथे आडोल्फ मायर यांच्यापुढे तंबाखूच्या पानांवरच्या पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचा रोग आला. तेही आधी आपल्या नर्सरीवाल्याच्याच वाटेने गेले. निरोगी आणि रोगट झाडांतली पोषकद्रव्ये तपासली. फरक सापडला नाही. मग रोगट पानाचा रस निरोगी झाडाला टोचला आणि रोग उतरला. १८८६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. १८९२ साली इव्हानोव्स्कीने दाखवले की जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रस रोग घेऊन पार होतो, आणि १८९८ साली बायरिंकने हा जंतूंहून वेगळाच काही प्रकार आहे असे ठामपणे म्हटले. विषाणूविज्ञान असे एका पानाच्या पिवळेपणातून निघाले. मायर यांचे मला कौतुक वाटते ते यासाठी की आपले पहिले अनुमान त्यांनी नेटाने तपासले आणि मग सोडून दिले.

मी ती दोन रोपे पहाटे, माशा सुस्त असताना, पिशवी घालून उपटली. आत्याच्या आठांतली आता चार उरली होती.

चार रोपे

आता एका वेळी एकच बदल करायचा, असे ठरवले. पहिला बदल ताटल्यांचा. त्या काढल्या, डबे विटांवर ठेवले, आणि डबा उचलून हलका लागल्याशिवाय पाणी नाही. बाकी काही नाही. पुतण्या विचारायचा, “मावशी, काही घालत नाहीस?” काहीही न घालता दहा दिवस बसणे ही सर्वांत अवघड चिकित्सा होती. दहा-बारा दिवसांनी दोन रोपांना शेंड्याला हिरवी पालवी आली. त्यांचा आजार पाण्याचाच होता.

उरलेल्या दोघांची वाढ सुरू झाली, पण नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या. वॉलेसच्या चित्रातली. येथे मला ग्रीचा प्रयोग करून पाहण्याचा मोह आवरला नाही. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून हिराकस आणला, म्हणजे तोच लोहाचा क्षार. अगदी पातळ द्रावण करून एका रोपाच्या तीनच पानांना संध्याकाळी ब्रशने लावले. आठवड्याभरात ती पाने ठिपक्याठिपक्यांनी हिरवी होऊ लागली, शेजारची पिवळीच राहिली. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचा निष्कर्ष माझ्या गच्चीवर, माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा निघाला. मग कारण दूर करायचे म्हणून बोअरचे पाणी बंद केले. महापालिकेचे पाणी येते तेव्हा दोन बादल्या भरून ठेवू लागले. पावसाच्या तोंडावर चारही रोपे वाळू, शेणखत आणि माती सारखी घेऊन मोठ्या डब्यांत हलवली.

श्रावणात मिरच्या लाल झाल्या. गणपतीत कोल्हापूरला गेले तेव्हा ओंजळभर घेऊन गेले. आत्याने एक मोडली, नाकाशी धरली, बी चिमटीत घेऊन पाहिले. “आपलीच हाय,” म्हणाली. मग लगेच, “आठांतली चारच राखलीस?”

तिचे खरे होते. चार झाडांच्या बियांवर वाण वाचले असे म्हणता येत नाही. गच्चीवर शेजारच्यांच्या मिरच्या आहेत, त्यांचे पराग आले असतील तर पुढच्या वर्षी काय उगवेल सांगता येत नाही. म्हणून यंदा बियांचे तीन वाटे केले आहेत. एक माझ्याकडे, एक गावात उसाच्या बांधावर लावायला चुलतभावाकडे, आणि एक आत्याच्या खिडकीतल्या कुंडीसाठी. तिच्या वाट्याच्या पुरचुंडीत मी सवयीने चिठ्ठी घातली होती: डबा उचलून पाहणे, मग मुळे, मग कोणते पान, मग पानाची खालची बाजू. तिने ती वाचून घेतली आणि परत माझ्या हातात दिली. “ही तुझ्यापाशी ठेव,” म्हणाली, “मला नगं.”